थोरलीशिवायची काच

६ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. दीड पान, त्यातलं अर्धं हवामान. तिकडे थंडी पडलीय हे मला पेपरातही कळतं. तू दिवसभर करतेस काय, ते लिही की कधीतरी. इथे होतीस तेव्हा लोकांचं रक्त तपासायचीस, ते डोक्यात शिरायचं. भाऊजी गेल्यावर त्या लांबच्या शहरात नोकरी धरलीस, त्याला चार वर्षं झाली, आणि अजून कुणी विचारलं की मी आपली सांगते, आमच्या धाकट्या जाऊबाई उंदरांच्या ऑफिसात असतात.

फोन करते म्हणू नकोस. फोनवर तू ‘बरं आहे, तुम्ही कशा आहात’ म्हणून दोन मिनिटांत मोकळी होतेस, आणि इकडे फोन वाजला की हे दचकतात. पत्रच बरं. तीस वर्षं बसस्थानकात माइकपुढे बसून गाड्या पुकारल्या, त्यामुळे हातात कागद असला की मला बोलणं सुचतं.

आता एक मागणं आहे आणि त्याचं कारण विचारू नकोस. यापुढे पत्राला वर मायना घालू नकोस, खाली सही करू नकोस. मधेच ‘वहिनी’ अशी हाक नको, ‘दादा कसे आहेत’ अशी चौकशीही नको. नुसता मजकूर लिही. पाकिटावर तुझा पत्ता असतोच, मला कळेल कुणाचं ते. पण लांबलचक लिही, आणि पंधरवड्याला एक तरी लिही.

यांची तब्येत वयाच्या मानाने ठीक. विसरतात जरा. मी विणलेला तो कॉफी रंगाचा स्वेटर अंगातून काढू देत नाहीत, धुवायचा म्हटलं तरी भांडण. त्याच लोकरीचा जोडीचा भाऊजींना केला होता. तो तू नेलास ना? इथे कपाटात दिसत नाही.

तुझी,
वहिनी


१९ जानेवारी

मायना नाही, सही नाही, हाकही नाही. तुम्ही सांगितलंत तसं. कारण विचारू नकोस म्हणालात, तर तेही विचारत नाही. तसंही ‘सौ.’ गेल्यापासून माझ्या मायन्यापाशी तुमचं पेन अडखळायचंच, ते मला पाकिटावरच्या खाडाखोडीतून दिसत होतं. माणूस गेलं की त्याच्या बाजूची नाती हळूहळू पातळ होतात, हे मी धरूनच चालले होते. फक्त असं सांगून कुणी करेल असं वाटलं नव्हतं. असो. लिहिलं नसतं तर आत राहिलं असतं.

आता काम सांगते.

शरीराच्या एकेका पेशीत हजारो प्रथिनं असतात आणि त्यातलं एक नेमकं कुठे बसलंय ते आम्हाला शोधायचं असतं. दिसत तर काहीच नाही. केसापेक्षा पातळ काप काचेवर घेतला की तो पाण्याच्या डागासारखा दिसतो. मग त्यावर एक अँटिबॉडी सोडायची. ती त्या एकाच प्रथिनाला जाऊन चिकटते, बाकी कुणाकडे ढुंकूनही बघत नाही. पण ती स्वतःही दिसत नाही. म्हणजे पत्ता तर सापडला, सांगणार कोण? म्हणून मागून दुसरी पाठवायची. दुसरीच्या अंगाला रंग जोडलेला असतो. तिच्यावर निळा प्रकाश टाकला की ती हिरवी चमकते.

गंमत पुढेच आहे. ज्या प्रथिनासाठी एवढा खटाटोप, ते दुसरीला माहीतच नसतं. ती फक्त पहिलीला ओळखते, आणि तेही माहेरावरून. पहिली सशाच्या रक्तात तयार झाली असेल तर तिचं माहेर ससा. दुसरीला एवढंच पढवून पाठवलेलं असतं की सशाकडची दिसली की बिलग. पहिली जिथे नांदते तिथे ही जाऊन उभी राहते, आणि उजेड पडतो. एकेका पहिलीला दोन-चार दुसऱ्या बिलगतात, त्यामुळे उजेडही चांगला पडतो.

कंपनीची नावं हातभर लांब असतात. मी नळ्यांवर ती लिहीत नाही, ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ लिहिते. इथे आपली अक्षरं कुणाला वाचता येत नाहीत. तेवढीच माझी एक खासगी गोष्ट आहे या इमारतीत.

तर थोरली घालून काच एक रात्र गारव्यात ठेवायची. सकाळी तीनदा धुवायची. मग धाकटी घालून तासभर अंधारात, आणि परत तीनदा धुवायची. मायक्रोस्कोपच्या खोलीला खिडकी नाही. उजेडाने रंग उडतो, म्हणून दार लावून, दिवे घालवून बसायचं. बाहेर बारा वाजलेले असतात, लोक जेवायला निघालेले असतात, आणि मी अंधारात डोळा लावून बसलेली. मशीनसाठी खोली गार ठेवतात. हो, स्वेटर माझ्याकडेच आहे. तिथे तोच घालते. बाह्या चार बोटं लांब होतात, त्या दुमडून घेते.

दिवसभरात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलतो तो टायमर. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख, त्या चांगल्या आहेत, पण त्यांना चित्रं हवी असतात, गप्पा नको असतात. गेल्या आठवड्यात एका दिवशी घरी येऊन कुलूप उघडताना स्वतःशीच ‘आले’ म्हणाले, तेव्हा लक्षात आलं की सकाळपासूनचा हा पहिला शब्द.


२ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र झकास होतं. मोठ्याने वाचलं, दोनदा. म्हणजे पत्ता थोरलीने शोधायचा आणि उजेड धाकटीने पाडायचा, असंच ना? आपल्या घरी वेगळं काय चाललं होतं? पाहुण्यांना पाणी मी द्यायचे आणि कौतुक तुझ्या हसण्याचं व्हायचं. आणि माहेरावरून ओळखणारी बया तर मला फार आवडली. मला लग्नानंतर दहा वर्षं सगळी गल्ली ‘त्या बसस्थानकवाल्यांकडची’ म्हणत होती, नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

पातळ होण्याचं जे लिहिलंस, ते मी वाचलं. तेवढा भाग मोठ्याने नाही वाचला. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण आत्ता देता येत नाही. मला घाबरट म्हण हवं तर.

एक शंका विचारते, अडाण्याची समजून सोडून देऊ नकोस. समज, एखाद्या काचेवर थोरली कधी गेलीच नाही आणि धाकटी तेवढी पाठवली, तर ती काय करते? आणि थोरली नसताना तिथे उजेड पडलाच, तर तो कशाचा म्हणायचा? खरा की खोटा? याचं उत्तर मला नीट हवंय. मी रोज विचार करते.

पुढचं पत्र लवकर टाक. तुझ्या पत्राची इथे वाट बघितली जाते. कोण बघतं ते विचारू नकोस.

वहिनी


१७ फेब्रुवारी

तुम्ही विचारलेली काच खरंच असते. दर वेळी एक काच अशी करायची की तिच्यावर थोरली घालायचीच नाही, नुसती धाकटी घालायची. ती अंधारीच राहायला हवी. धाकटीला बिलगायला कुणी नसतं, त्यामुळे तीनदा धुतलं की तिने निघून जायला हवं. ती काच अंधारी राहिली तरच बाकीच्या काचांवरच्या उजेडावर विश्वास ठेवायचा. थोरलीशिवायची काच उजळली, तर समजायचं की धाकटी भलत्याच कुणाला धरून बसलीय, आणि सगळाच उजेड खोटा.

एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. कारण जूनपासून मी ती काच केलेली नाही.

जूनमध्ये सशाची थोरली संपली. कंपनीने तीच चीज उंदराच्या माहेरची पाठवली. मी शहाण्यासारखी धाकटीही बदलून उंदीर ओळखणारी मागवली, नळ्यांवर पुन्हा ‘थोरली’, ‘धाकटी’ लिहिलं आणि कामाला लागले. काप थोडे होते. अंधारी राहणारी काच करून एक काप फुकट का घालवा, म्हणून ती सोडून दिली. नळीवर माहेर लिहायची सवय असती तर तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला असता. मी नुसती नाती लिहिली होती.


१९ फेब्रुवारी. पत्र टाकायचं राहिलं होतं, त्यालाच पुढे जोडते.

काल काच केली. थोरलीचा थेंबही घातला नाही. अंधारात डोळा लावला आणि बघते तो सगळं हिरवंगार. तसेच ठिपके, तेवढेच लखलखीत.

आम्ही बघतो ते काप उंदराच्या आतड्याचे. धाकटीला मी पाठवलं उंदराच्या माहेरची शोधायला, आणि पाठवलं कुठे, तर उंदराच्याच घरात. तिथे सगळं गावच माहेरचं. आतड्याच्या अस्तराखाली उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी असतात, ही त्यांच्या गळ्यात पडत होती. आठ महिने आम्ही जे नवीन प्रथिन सापडलं म्हणून नाचत होतो, ते त्या जागी असेलही, नसेलही. आमच्या चित्रांत ते नाही एवढं नक्की.

मॅडमनी त्यातली सहा चित्रं मोठी करून भिंतीवर लावलीत. लेख लिहून होत आलाय. कोणी आलं की त्या माझ्याकडे हात करून सांगतात, ‘हिच्या हाताला यश आहे.’ इथे आल्यापासून कुणी माझ्याबद्दल बोललेलं तेवढं एकच वाक्य आहे. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. काच डब्यात ठेवली, डबा फ्रीजमध्ये ठेवला, आणि घरी आले.

तुम्ही शंका विचारली नसतीत तर बरं झालं असतं, असं काल वाटत होतं.


३ मार्च

धाकटे,

तू तुझी काच दाखवलीस, आता माझी बघ. बसून वाच.

हे जरा विसरतात असं मी तुला लिहीत आले. ते जरा नाही. गेल्या ऑक्टोबरपासून हे मला ओळखत नाहीत. मला ‘बाई’ म्हणतात, अहोजाहो करतात, पाणी दिलं की आभार मानतात. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात एवढा मान मिळाला नव्हता. पहिल्या दिवशी मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

त्याच सुमाराला तुझं एक पत्र आलं. मी सहज मोठ्याने वाचत होते, तुझ्या खोलीत पाणी गळतं वगैरे. यांनी मान वर केली. चेहरा असा फुलला की काय सांगू. म्हणाले, ‘हिचं का?’ मला कळलं, ‘हिचं’ म्हणजे माझं. यांच्या मते यांची बायको नोकरीसाठी लांब गेलीय. मी काय करायला हवं होतं? मी ‘हो’ म्हणाले.

तेव्हापासून तुझी पत्रं माझी म्हणून वाचते. ‘वहिनी’ आलं की गिळते, ‘दादा’ आलं की गिळते, आणि गिळताना ठेच लागली की हे संशयाने बघतात. म्हणून मायना नको म्हणाले. तुझे ससे, तुझे उंदीर, तुझी ती बिनखिडकीची खोली, सगळं माझ्या नावावर खपलंय. ‘हिला अंधारात बसवतात हो,’ म्हणून हे सकाळच्या नर्सला सांगतात. आणि मग मला विचारतात, ‘बाई, ही कधी येणार म्हणते?’ मी समोरच बसलेली असते.

तुला वाटलं मी तुझं नाव पुसलं. मी तुझ्या नावाच्या जागी स्वतः जाऊन बसले. चोरीच ती. तुला पातळ करायचं माझ्या मनातही नव्हतं, पण तू तसं लिहिलंस आणि तरीही मी महिनाभर गप्प राहिले, कारण खरं सांगितलं आणि तू लिहायची थांबलीस तर यांचा तो चेहरा पुन्हा दिसणार नाही, एवढंच डोक्यात होतं. माफ कर म्हणायला तोंड नाही.

मॅडमचं म्हणशील तर सांगून टाक. एकदा मी फलाट चारची गाडी सहावर पुकारली. माणसं बोचकी घेऊन, पोरं ओढत धावली. माइक माझ्याच हातात होता, दुसरं कोण सांगणार? पुन्हा पुकारलं, ‘माझी चूक झाली, गाडी चारवर आहे.’ साहेबांनी झापलं, लोकांनी शिव्या दिल्या, पण गाडीत बसले सगळे. तू पुकारलंस, तूच परत पुकार.

आणि आता लाज सोडलीच आहे तर आणखी एक मागते. एक पत्र मुद्दाम लिहिशील? बायकोने नवऱ्याला लिहावं तसं. मला येत नाही. मी समोर राहिले सगळा जन्म, लिहायची वेळच आली नाही.

वहिनी


१४ मार्च

अहो,

पत्राला उशीर झाला. काम होतं, असं म्हणणार होते, पण काम नव्हतं. कागद पुढ्यात घेऊन बसत होते आणि उठत होते.

इथे थंडी कमी झाली. नर्सचं ऐकत जा. वेळेवर जेवत जा. भाजी ताटाच्या कडेला सारून ठेवता ते मला इथून दिसतं. मी बरी आहे. जिना चढताना गुडघा बोलतो, पण ते सगळ्यांचंच.

स्वेटर मी घालते. डाव्या कोपराला उसवलाय. लोकर आणलीय, पण शिवलं नाही, कारण तुमच्या कोपराने उसवलेला आहे तो. दवाखान्यातून दिलेली पिशवी अजून तशीच गाठ मारलेली आहे. त्यात चष्मा आहे हे मला हाताला लागतं. तुम्ही म्हणाला होतात, उद्या येताना पेपर आण. मी आणला होता. तो मी कुणाला देणार होते?

चार वर्षं कुणी मला ‘एवढ्यात निजलीस का’ असं विचारलेलं नाही. मी तुमच्यावर चिडले आहे, हेही कुणाला सांगता येत नाही. तुमच्या घरात मी तुमच्यामुळे होते. वहिनींची मी कोण? तुमची बायको म्हणून त्यांची जाऊ. मधलंच माणूस उठून गेलं तर मी कुणाला धरून राहायचं? नियमाने मी निघून जायला हवं होतं. गेलेही लांब. पण जीव सगळा तिथेच चिकटलेला आहे, तुमच्या वहिनींच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी, आणि तो चुकीच्या जागी चिकटलाय असं मला सारखं वाटतं.

वहिनी, हे जमलं नाही. तुम्ही दादांसाठी मागितलं होतंत आणि गेलं भलतीकडे. वरचं जेवणाखाण्याचं तेवढं वाचा, बाकीचं गाळा. दुसरं लिहायला आज बळ नाही.


२९ मार्च

धाकटे,

ते पत्र मी वाचून दाखवलं नाही. जेवणाखाण्याचंही नाही. ते यांना नव्हतंच. ज्यांना होतं त्यांच्या स्वेटरच्या खिशात घालून ठेव. सोबत परत पाठवतेय. मी एकदाच वाचलं, तेही अर्धवट, कारण पुढे अक्षरं दिसेनात.

पण इकडे पत्राची वेळ झालेली. यांनी दुपारपासून तीनदा विचारलं, ‘बाई, आज टपाल?’ काय करणार? यांच्या खणातला एक कोरा कागद घेतला, घडी उलगडली आणि वाचायला लागले. थंडी कमी झाली, असं मी म्हणाले. गुडघा दुखतो, असंही म्हणाले. आमच्या लग्नात यांचा बूट हरवला होता आणि यांनी माझ्या मामाचा घालून फोटो काढला, ते सगळं ‘वाचलं’. कागदावर एक अक्षर नव्हतं. आणि हे फुलले, अगदी तुझ्या पत्रासारखे. बुटाला तर मांडीवर थाप मारली.

मग मला तुझी काच आठवली आणि मी खात्री करून घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी नर्सला बसवलं आणि तुझं ते सशाचं पत्र तिच्याकडून वाचून घेतलं. पोरगी स्वच्छ वाचते. हे खिडकीबाहेर बघत होते. अर्ध्यावर म्हणाले, ‘त्या बाई कुठे गेल्या?’ तिसऱ्या दिवशी मी औषधाच्या खोक्यातला कागद घेतला. गोळी कशी घ्यावी, घेतल्यावर काय काय होऊ शकतं, सगळं शेवटपर्यंत वाचलं. मळमळ, चक्कर, अंगावर पुरळ. हे डोळे मिटून ऐकत राहिले. आणि झाल्यावर म्हणाले, ‘बाई, तुमचा आवाज अगदी आमच्या हिच्यासारखा आहे. वाचत जा.’

तुला ठाऊक नाही, यांनी मला बघितलं त्याच्या आधी दोन वर्षं नुसतं ऐकलं होतं. हे ड्रायव्हर. गाडी फलाटाला लावली की खाली न उतरता भोंग्याखाली थांबायचे. पुढे एकदा चौकशी खिडकीशी येऊन म्हणाले होते, ‘फलाट चार तुम्हीच ना?’ तोंडवळा गेला यांच्या डोक्यातून. आवाज राहिलाय. तुझ्या विद्येप्रमाणे पत्राशिवाय पडलेला उजेड खोटा. माझ्या घरचा तो खरा निघाला. मी त्यांच्या समोर बसून त्यांना परकी आहे ती आहेच, त्यावर इलाज नाही. पण जिची वाट बघतात ती मीच आहे, कुणी दुसरी नाही, एवढं कळलं आणि मला झोप लागली.

तेव्हा आता यांना तुझ्या पत्रांची गरज नाही. मला आहे. यापुढे वर मायना घाल, खाली सही कर, आणि मधे दहा वेळा वहिनी म्हण.

आणि ते जे तू लिहिलंस, मधलं माणूस गेल्यावर धाकटीने निघून जायचं असतं, त्याबद्दल. चार वर्षं धुऊन बघितलं की आपण. तू लांब गेलीस, मी फोन टाळले, मायना काढला, सही काढली. निघालीस का? तुझ्या प्रयोगशाळेत त्याला चूक म्हणत असतील. मी कुठे परीक्षेला बसलेय?

चार दिवस ये. हे तुलाही ‘बाई’ म्हणतील, मनाची तयारी ठेव.

तुझी,
वहिनी


२७ एप्रिल

माझ्या थोरल्या वहिनींना,

पोचले. डबा घासून ठेवलाय, तो परत आणायच्या निमित्ताने पुन्हा येईन.

तुमच्याकडे यायला निघाले त्याच्या आदल्या दिवशी मॅडमना काच दाखवली होती, ते तुमच्याकडे असताना मी बोलले नाही. त्यांनी डोळा लावला आणि खूप वेळ काढला नाही. मग भिंतीवरची सहाही चित्रं स्वतः उतरवली, एकेक करून. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंग निघाला. आज आले तर टेबलावर चिठ्ठी होती, ‘ससा मागव.’ चहाला आज त्यांनी मला हाक मारली नाही. हाताला यश आहे असंही कुणाला सांगितलं नाही. पण प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली नाही. नव्या नळीवर मी आज ‘थोरली’च्या खाली माहेरही लिहिलं.

आता खरं सांगायचंय ते. तुमच्याकडून परत निघायच्या सकाळी तुम्ही दादांची औषधं आणायला खाली गेला होतात. परत आलात तेव्हा आम्ही दोघं दाराकडे तोंड करून बसलेलो. तुम्ही म्हणालात, ‘असे काय बघताय दोघं?’ मी म्हणाले, ‘काही नाही.’ ते खोटं होतं. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही. पण आपलं आता लपवायचं राहिलेलं नाही.

तीन दिवस दादा मला ‘बाई’च म्हणत होते. त्या सकाळी गाडीत गार लागेल म्हणून मी स्वेटर घातला आणि त्यांना नमस्कार करायला वाकले. त्यांनी माझी बाही धरली. दुमडलेली घडी उलगडली, पुन्हा दुमडली. मग आपली बाही तिच्याशेजारी धरून बघितली. एकच लोकर. म्हणाले, ‘हा धाकट्याचा.’ मी हो म्हणाले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि वहिनी, ते मला ओळखत होते. ‘अगं धाकटे,’ म्हणाले, ‘एकटीच वर आलीस? तो कुठाय?’

मी काय करायला हवं होतं? मी म्हणाले, ‘येताहेत. गाडी लावताहेत.’

‘त्याला कधी जागा सापडायची नाही,’ दादा म्हणाले. ‘बस. येईल.’

म्हणून मी बसले. त्यांनी माझी बाही सोडली नव्हती. ते दाराकडे बघत होते, म्हणून मीही बघत होते. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली, ती वरच्या मजल्यावर गेली. दादा म्हणाले, ‘हा नव्हे.’ पुन्हा पावलं वाजली, त्या तुम्ही होतात.

त्यांनी तुम्हाला ओळखायच्या आधी मला ओळखलं, याचं तुम्हाला वाईट वाटेल. पण मला कुठे ओळखलं? स्वेटर ओळखला, स्वेटरवरून यांना, आणि यांच्यावरून मला. आणि यांना तर ते अजून जिन्यातच समजतात. मी खोटं बोलले, ते मला माहीत आहे.

पण वहिनी, चार वर्षं मी यांची वाट बघतेय आणि एकटीच बघतेय. त्या सकाळी पहिल्यांदा माझ्याबरोबर कुणीतरी बघत होतं.

तुमची,
धाकटी